वाचकांचे प्रश्न : उशिरा आलेल्यालाही पूर्ण मजुरी?

प्रश्न : माझे पती मागील वर्षी वारले. लग्नानंतरची जवळजवळ सगळी वर्षे त्यांनी दारूत घालवली. बोटीवरचा त्यांचा वाटा घरी पोहोचण्याआधीच गुत्त्यावर संपायचा. मी मासळीची पाटी घेऊन बाजारात बसले म्हणून मुले शिकली. देवळात ते लग्नाला आणि मयताला तेवढे यायचे. शेवटच्या आजारात त्यांनी फादरांना बोलावून घेतले, पापनिवेदन केले, तेललेपन झाले, ख्रिस्तप्रसाद घेतला आणि ते शांतपणे गेले. अंत्यविधीच्या प्रवचनात सांगण्यात आले की ते आता पित्याच्या घरी पोहोचले आहेत. मी मान खाली घालून बसले होते, पण मनात एकच विचार चालू होता : मग मी इतकी वर्षे एक रविवार चुकवला नाही, उपवास पाळले, त्याचे काय? देवाची दया ही न्यायाची थट्टा तर नाही ना? असे विचारणे पाप असेल तर तेही सांगावे.
— एक भगिनी, वसई तालुका

उत्तर : ताई, आपल्या शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देतो. असे विचारणे पाप नाही. पवित्र शास्त्रात ही तक्रार अनेक ठिकाणी आणि फार उघडपणे नोंदलेली आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातील अठराव्या अध्यायात लोक सरळ म्हणतात की प्रभूची रीत बरोबर नाही, आणि तेथील वादाचा एक मुद्दा हाच आहे की जन्मभर दुष्टपणे वागलेला माणूस मागे फिरला तर देव त्याला जगवतो. द्राक्षमळ्यात दिवसभर राबलेले मजूर कुरकुरतात, उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ अंगणातच रुसून उभा राहतो, आणि योना तर यापेक्षा मरण बरे असे देवाच्या तोंडावर सांगतो. यांपैकी एकालाही देव हाकलून लावत नाही.

योनाचे पुस्तक आपण लहानपणी माशाची गोष्ट म्हणून ऐकलेले असते. किनाऱ्यावरच्या मुलांना ती आवडावी हे साहजिकच आहे, परंतु चार अध्यायांच्या त्या पुस्तकात मासा अवघ्या तीन वचनांत येतो आणि उरलेला बराच भाग आपल्याच प्रश्नाभोवती फिरतो. निनवे ही अश्शूरची नगरी होती, आणि याच अश्शूरने इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन ही राजधानी पाडून इस्राएलचे उत्तरेकडील राज्य संपवले. त्या नगरीला इशारा देण्यासाठी देव योनाला पाठवतो, तर तो याफोच्या बंदरात जाऊन नेमक्या उलट दिशेच्या तार्शीशला निघालेल्या गलबताचे भाडे भरतो. तो का पळाला हे तेव्हा सांगितलेले नाही. निनवेला क्षमा मिळाल्यावर, चौथ्या अध्यायात, तो स्वतःच संतापून सांगतो : तू कृपाळू आहेस, मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो. ज्यांना दया मिळणार ते तिला पात्र नाहीत अशी त्याची तक्रार आहे, आणि ती वस्तुस्थितीला धरून आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की देव त्याला उत्तर देताना निनवे पात्र आहे असे एका शब्दानेही म्हणत नाही. उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे तेथे आहेत, त्यांची मला कीव येऊ नये काय, एवढेच तो विचारतो. आणि योनाने काय उत्तर दिले हे न सांगताच पुस्तक संपते.

आपले पती देवाच्या दयेला पात्र होते काय, या प्रश्नाला ख्रिस्तसभेचे उत्तर म्हणूनच ‘नाही’ असेच आहे, आणि ते देताना तिला संकोच वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या उशाशी बसलेल्या धर्मगुरूंनी त्यांना चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला नाही. देव स्वतः कोण आहे, एवढ्या एकाच आधारावर त्यांना क्षमा जाहीर करण्यात आली. यहेज्केलच्या छत्तिसाव्या अध्यायात देव इस्राएलला स्पष्ट सांगतो की मी हे तुमच्यासाठी करत नाही, माझ्या पवित्र नामासाठी करतो. ऐकायला हे कठोर वाटते, पण विचार केला तर यातच आपणा सर्वांची सुरक्षितता आहे. कारण देवाचा विश्वासूपणा आपल्या वागण्यावर अवलंबून असता तर तो आपल्या वागण्याइतकाच डळमळीत झाला असता. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हेच आहे : आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही.

आता न्यायाविषयी. पापाची क्षमा झाली म्हणजे पापाने केलेले नुकसान भरून निघाले, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या १४५९ व्या परिच्छेदात म्हटले आहे की पापमोचनाने पाप दूर होते, परंतु पापामुळे झालेली सगळी विस्कळीतता त्याने सुधारत नाही. चोरलेले परत करावे लागते, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळ करावे लागते, दुखावलेल्याची भरपाई करावी लागते. यरीहोच्या जकातदार जक्कयाने हे ओळखले होते, म्हणून येशू घरी येताच त्याने फसवलेल्यांना चौपट परत देण्याची भाषा केली. आपल्या पतींच्या हाती तेवढा वेळ उरला नव्हता. आपल्या मुलांच्या शाळेच्या फीचे पैसे, आपली झोप, आपल्या अंगावर पडलेले शब्द, हे सारे देणे तसेच राहिले आहे, आणि ते राहिलेच नाही असे कोणी म्हणत असेल तर ते कॅथोलिक शिकवणीला सोडून बोलत आहेत. मरणानंतरच्या शुद्धीकरणाची आपली शिकवण याच जाणिवेतून आलेली आहे. क्षमा मिळालेल्या माणसालाही आपण काय केले याला सामोरे जावे लागते, ते टाळून स्वर्गात शिरता येत नाही. म्हणूनच आपण मृतांसाठी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयाग, अर्पण करतो. ते आधीच सुखरूप पोहोचले अशी आपली पक्की खात्री असती तर त्या मिस्साला अर्थच उरला नसता.

यावरून त्या प्रवचनाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. मिस्साविधीच्या सर्वसाधारण मार्गदर्शक सूचनांमध्ये (क्रमांक ३८२) अंत्यविधीच्या मिस्सात छोटे प्रवचन असावे, पण ते मृताचे गुणगान कधीही असू नये, असे स्पष्ट आहे. आम्ही धर्मगुरू हा नियम दर आठवड्याला मोडतो, कारण समोर रडणारे कुटुंब असते आणि गोड बोलणे सोपे असते. मृत भावाला आपण देवाच्या दयेच्या स्वाधीन करतो, त्या दयेवर आपला भरवसा आहे, एवढे म्हणण्याचा अधिकार प्रवचनकाराला आहे. तो पोहोचला, हे जाहीर करण्याचा नाही. आणि माझ्या मते त्या दिवशी वेदीवरून आणखी एक वाक्य यायला हवे होते, ज्यात संसार कोणी ओढला याचा उल्लेख असता.

मजुरांच्या दाखल्याकडे वळू या, कारण आपला प्रश्न त्याच्या सर्वांत जवळचा आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात मळ्याचा मालक पहाटेपासून दिवस मावळायच्या तासभर आधीपर्यंत पाच वेळा बाजारात जाऊन माणसे आणतो आणि संध्याकाळी सर्वांना एकेक दीनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, देतो. हा दाखला येशूने कोणाला सांगितला हे पाहण्यासाठी आधीचा अध्याय वाचावा लागतो : आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हांला काय मिळणार, असे पेत्राने विचारलेले आहे. सकाळी आलेल्यांची मजुरी कापली जात नाही, ठरलेले त्यांना मिळते. त्यांचे दुःख शेजाऱ्याच्या हातातल्या नाण्याकडे पाहून सुरू होते. एवढ्यावर बहुतेक प्रवचने थांबतात आणि सकाळच्या मजुरांना मत्सरी ठरवून मोकळी होतात. आपल्या बाबतीत मी तसे करणार नाही. त्या मजुरांनी सोसले ते दिवसाचे श्रम आणि ऊन होते, आणि शेवटच्या तासाला आलेल्यांनी ते त्यांच्यावर लादलेले नव्हते. आपल्यावर जो भार पडला त्यातला बराचसा त्याच माणसाने खाली टाकलेला होता जो शेवटी आपल्या बरोबरीने उभा राहिला. दाखला येथे अपुरा पडतो हे मान्य करायला हवे.

त्यापेक्षा लूकच्या पंधराव्या अध्यायातील बाप आपल्याशी अधिक नीट बोलेल असे मला वाटते. थोरला मुलगा घरात यायला तयार नाही, तेव्हा सगळे उधळून परत आलेल्या धाकट्याला सामोरा धावून गेलेला तोच बाप थोरल्यासाठीही मेजवानी सोडून बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. तू चुकतोस असे तो म्हणत नाही. तू सदैव माझ्याबरोबर आहेस आणि माझे ते सर्व तुझेच आहे, असे तो म्हणतो. आपले रविवार, आपले उपवास ही स्वर्गाच्या तिकिटासाठी भरलेली रक्कम असेल तर ती वाया गेली असे खुशाल म्हणावे, कारण त्याच जागेवर दुसरा कोणी फुकट बसला. पण बाजारातून परतल्यावर रात्री आपण जे बोलत होतात ते कोणाशी तरी बोलत होतात, आणि तो ऐकत होता. आपल्या पतींना हे शेवटच्या काही दिवसांत मिळाले. त्यांनी काय गमावले याचा हिशेब आपल्यापेक्षा चांगला कोण मांडू शकेल?

एक गोष्ट मात्र आपण कोणाकडूनही ऐकून घेऊ नये. काही सज्जन मंडळी अशा वेळी सांगतात की देवाने तुमच्याच सहनशीलतेतून त्यांच्यावर दया केली, किंवा होशेय संदेष्ट्याने आपली बेइमान पत्नी गोमेर हिला परत घरी आणले तसे तुम्ही निभावून नेलेत. होशेयची कथा आपल्या लोकांनी केलेल्या बेइमानीचे देवाला किती दुःख होते हे सांगण्यासाठी आहे. मार खाऊन, उपाशी राहून गप्प बसावे असा आदेश ती कोणत्याही पत्नीला देत नाही. देवाच्या दयेचा खर्च एका बाईच्या पाठीवर टाकायचा आणि त्याला अध्यात्म म्हणायचे, हे बरोबर नाही. तो खर्च कोणी सोसला याचे ख्रिस्ती उत्तर येशूला जेथे क्रुसावर खिळले त्या कालवरीच्या टेकडीवर आहे.

आपण त्यांना क्षमा केली पाहिजे काय, हे आपण विचारले नाही, पण पत्राच्या ओळींमधून तो प्रश्न डोकावतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ज्या चाकराला दहा हजार तालांतांचे, म्हणजे कधीच न फिटणारे, कर्ज माफ होते तो आपल्या सोबत्याचा गळा शंभर दीनारांसाठी धरतो, आणि आपण पटकन म्हणतो की शंभर दीनार ते काय! पण एक दीनार ही मजुराची एका दिवसाची कमाई होती. शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी झाली. येशूने आपले येणे क्षुल्लक ठरवलेले नाही. ते खरे येणे आहे, आणि खरे आहे म्हणूनच ते सोडण्याला क्षमा म्हणतात. नसते तर तो नुसता विसर ठरला असता. ते आज सोडवत नसेल तर प्रभूच्या प्रार्थनेतील आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो ही ओळ म्हणताना आपली अडचण त्यालाच सांगावी. पतींच्या वर्षश्राद्धाची मिस्सा द्यावीशी वाटत नसेल तर मुलांना देऊ द्यावी, आपण नुसते उपस्थित राहिलात तरी चालेल.

प्रश्न : महाविद्यालयातील माझे बहुतेक मित्र हिंदू आहेत. ते म्हणतात, “तुमचा देव मागितले की क्षमा करतो, मग चांगले वागायचे कशाला? आमच्यात निदान केलेले भोगावे तरी लागते.” त्यांना काय सांगू?
— एक विद्यार्थी, सावंतवाडी

उत्तर : प्रथम त्यांना सांगा की हा प्रश्न त्यांच्याआधी प्रेषित पौलाला विचारला गेला होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच तशी आहे : कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय? पौलाचे उत्तर एका शब्दात ‘मुळीच नाही’ असे आहे, आणि पुढचा सगळा अध्याय हे समजावण्यात जातो की क्षमा हा मालकीतला बदल आहे. जो पापाचा दास होता तो आता देवाचा झाला, आणि जुन्या मालकाची चाकरी करत राहणे त्याला शोभत नाही. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशेपुढे देव आपले नाव घोषित करतो तेव्हाही दया आणि सत्य यांच्याबरोबरच तो दोषी माणसाला निर्दोष ठरवणार नाही हे त्याच दमात सांगितलेले आहे. केलेल्याचा परिणाम टळतोच असे आपण मानत नाही. दावीद राजाने उरीयाची पत्नी बथशेबा हिच्याशी व्यभिचार केला आणि उरीयाला मारवले; त्या पापाची क्षमा नाथान संदेष्टा जाहीर करतो, तरी तलवार त्याच्या घराला सोडत नाही.

सत्कृत्ये आधी आणि कृपा मागाहून, की कृपा आधी आणि सत्कृत्ये तिचे फळ, यावर सोळाव्या शतकात युरोपातील ख्रिस्तसभा दुभंगली. त्या वादाची झळ आपल्यापर्यंतही पोहोचली. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडील प्रॉटेस्टंट मंडळ्या आणि वसई-सावंतवाडीकडील कॅथोलिक धर्मग्राम एकमेकांकडे कित्येक पिढ्या संशयाने पाहत राहिले. आता मात्र ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथोलिक ख्रिस्तसभा आणि लूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आहेत आणि २००६ साली मेथडिस्टांनीही त्याला मान्यता दिली आहे. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो आणि तोच पवित्र आत्मा देऊन आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, असे त्यात एकमुखाने म्हटले आहे. मित्रांना हा इतिहास सांगायला हरकत नाही. आपल्याकडेही हा प्रश्न सोपा मानला गेला नव्हता हे त्यांना कळेल.

मित्रांशी वाद घालताना त्यांच्या परंपरेला केवळ ‘करावे तसे भरावे’ या एका वाक्यात कोंबू नका. वारकरी संतांनी विठ्ठलाला पतितपावन म्हटले ते पुण्याईचा हिशेब पुरा पडत नाही हे अनुभवूनच, आणि रत्नागिरीत १९३१ साली उभ्या राहिलेल्या मंदिराला त्याच नावाने ओळखतात. आपल्याच कोकणात, करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत असत की तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो. तेव्हा पुलाच्या दोन्ही टोकांना उभे राहून बोलता येते.

प्रश्न : ‘देव विश्वासू आहे’ असे आम्ही दर रविवारी ऐकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या घराचे छप्पर गेले आणि वडिलांनी लावलेली नारळी-पोफळीची वाडी जवळजवळ सगळी आडवी झाली. आम्ही दरवर्षी मातेचा नवस फेडणारे लोक. शेजारी कधी देवळाची पायरी न चढणारा, त्याचे घर शाबूत. देव नेमका कशाबाबत विश्वासू आहे?
— एक बागायतदार, रायगड जिल्हा

उत्तर : शेवटचा प्रश्न आपण अगदी नेमका विचारला आहे, कारण पुष्कळसा गोंधळ देवाने जे वचन दिलेच नाही ते त्याच्या नावावर मांडल्याने होतो. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय किनाऱ्यावरच्या माणसाने एकदा सावकाश वाचावा. पौल कैदी म्हणून रोमकडे निघालेला आहे, तारवात दोनशे शहात्तर माणसे आहेत, वादळाने कित्येक दिवस सूर्य-तारे दिसलेले नाहीत, माल आणि जहाजाचे साहित्य समुद्रात फेकून झालेले आहे. अशा वेळी देवदूत पौलाला अभिवचन देतो, आणि पौल ते सर्वांना सांगतो : तुमच्यापैकी एकाच्याही जिवाचा नाश होणार नाही, तारवाचा मात्र होईल. आणि तसेच घडते. मेलिता बेटाजवळ, ज्याला आज माल्टा म्हणतात, तारू वाळूत रुतून फुटते आणि माणसे पोहत, फळ्यांना धरून किनाऱ्याला लागतात. देव आपल्या शब्दाला जागला, आणि तारू फुटले. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात लिहिल्या आहेत आणि त्यांत त्याला विसंगती दिसलेली नाही. तारू ज्याच्या मालकीचे होते त्याला त्या रात्री काय वाटले असेल, याबद्दल लूक काही लिहीत नाही. आपण त्या मालकाच्या जागी आहात.

शेजाऱ्याचे घर वाचले याचे कारण शोधण्याच्या फंदात पडू नये. पिता दुष्टांवर आणि सज्जनांवर आपला सूर्य उगवतो, नीतिमान आणि अनीतिमान यांच्यावर पाऊस पाडतो, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. ही त्याची दया पात्रता न पाहता सर्वांवर होते, आणि त्याच न्यायाने वारासुद्धा दाखला पाहून छप्पर उचलत नाही. नवसाला आपण विम्याचा हप्ता समजू लागलो तर दरवर्षीच्या हप्त्यानंतर भरपाई का नाही, हा प्रश्न अटळ आहे. नवस हा उपकार आठवण्याचा मार्ग म्हणून चांगला आहे. देवाला बांधून घेण्याचा मार्ग म्हणून तो चुकीचा आहे, कारण ज्याला आपण बांधू शकतो त्याच्याकडून आपल्याला आपल्या लायकीपेक्षा अधिक कधीच मिळणार नाही.

मग तो कशाबाबत विश्वासू आहे? आपल्याला सोडून न देण्याबाबत, आणि एकदा केलेल्या कराराबाबत. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे वाक्य आपण भिंतीवर सुंदर अक्षरांत लावतो. ते विलापगीतातील आहे, आणि विलापगीत बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळल्यानंतरचे आहे. पाच विलापांच्या बरोबर मधोमध, उपाशी मुले आणि ओसाड रस्ते यांच्या वर्णनांच्या दरम्यान ते येते, आणि त्यानंतरही विलाप थांबत नाही. हबक्कूक तर अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, असा पंचनामाच करतो आणि तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन असे म्हणतो. त्याच्याइतका आनंद आपल्याला होत नसेल तर त्याचा अपराध वाटून घेऊ नये. विलापगीत म्हणणाऱ्यालाही शास्त्रात जागा आहे. आणि सरकारी पंचनाम्यातून मदतीचा काही हप्ता अजून राहिला असेल तर तलाठ्याकडे खेपा घालणे चालू ठेवावे. ते करणे म्हणजे श्रद्धा कमी असणे, असे कोणी सुचवत असेल तर तिकडे लक्ष देऊ नये.

प्रश्न : तरुणपणी मी धंद्यात भागीदाराला फसवून त्याचा वाटा बुडवला. त्यानंतर आजवर पापनिवेदन केलेले नाही. मिस्साला मागच्या बाकावर बसतो, ख्रिस्तप्रसादाला सगळे उठतात तेव्हा बाहेर जाऊन उभा राहतो. माझी लायकी नाही.
— नाव नको, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : आपण बाहेर जाता त्याच्या क्षणभर आधी संपूर्ण देऊळ, वेदीवरील धर्मगुरूंसह, मोठ्याने म्हणते की प्रभो, तू माझ्याकडे यावेस अशी माझी योग्यता नाही. आपल्या चाकराला बरे करण्याची येशूला विनंती करणाऱ्या कफर्णहूमच्या शताधिपतीचे, म्हणजे शंभर शिपायांवरील अधिकाऱ्याचे, ते शब्द आहेत आणि ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणावे लागतात. तेव्हा लायकी नसणे हे बाहेर उभे राहण्याचे कारण होऊ शकत नाही, नाहीतर बाके सगळीच रिकामी झाली असती. आपली अडचण वेगळी आहे : गंभीर पापाचे निवेदन राहिले आहे, आणि ते केल्याशिवाय प्रसादाला जाऊ नये हे आपण बरोबर ओळखले आहे. त्यावर उपाय आहे, आणि तो कठीण नाही.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, दावीद राजा विचारतो की शौलाच्या घराण्यातले कोणी उरले आहे काय, म्हणजे योनाथानाप्रीत्यर्थ मी त्याच्यावर दया करीन. शौल हा आधीचा राजा, आणि त्याने दाविदाचा जीव घ्यायचा प्रयत्न केला होता; त्याचा मुलगा योनाथान मात्र दाविदाचा जिवलग मित्र होता. शौलाचा नातू, म्हणजे योनाथानाचा मुलगा, मफीबोशेथ, दोन्ही पायांनी अधू, लोदबार नावाच्या गावी दुसऱ्याच्या घरात राहत होता. राजाचे बोलावणे आले तेव्हा त्याने स्वतःला मेलेले कुत्रे म्हटले. दाविदाने त्यावर वाद घातला नाही, तू तसा नाहीस अशी समजूतही घातली नाही. त्याने आजोबांची जमीन परत दिली आणि रोजच्या पंक्तीला आपल्याच मेजावर बसवले, कारण योनाथानाला दिलेला शब्द मफीबोशेथच्या पायांपेक्षा आणि शौलाच्या वैरापेक्षा जुना होता. आपल्या बाबतीतही शब्द दुसऱ्या कोणाला तरी आधीच दिलेला आहे, आणि आपण ख्रिस्ताच्या नावाने बोलावले गेलेले आहात.

राहिला भाग व्यवहाराचा. ओळखीच्या फादरांसमोर बोलायला लाज वाटत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जावे. उपवासकाळात बऱ्याच ठिकाणी बाहेरचे धर्मगुरू पापनिवेदनासाठी येतात, त्यांच्यापैकी कोणाकडेही जाता येते. पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही कारणासाठी उघड करणे ख्रिस्तसभेच्या कायद्याने धर्मगुरूला सर्वस्वी निषिद्ध आहे, पोलिसांनी विचारले तरी. किती वर्षे झाली ते अदमासे सांगावे, शब्द आठवत नसतील तर तेही सांगावे, पुढचे काय ते फादर स्वतः विचारतील. भागीदार किंवा त्याची मुले हयात असतील तर बुडवलेला वाटा परत करण्याचा प्रश्न निघेल, तो टाळू नये. पण रक्कम जमेपर्यंत पापनिवेदन पुढे ढकलू नका. परत करण्याची खरी तयारी असली की पुरे. किती द्यायचे, एकदम की हप्त्यांनी, आणि आपले नाव न कळवता ते पोहोचवता येईल काय, हे त्यांच्याशी बोलून मग ठरवता येईल.